नमुना, विक्रीसाठी नाही

सासऱ्यांनी आमच्या कंपनीच्या वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारू नये, एवढंच मला करायचं होतं. माणसाने फार मोठ्या गोष्टींच्या मागे लागू नये असं मी नेहमी म्हणतो, आणि त्या मानाने ही गोष्ट अगदी बेताची होती. एका म्हाताऱ्या माणसाला एका सकाळी एका खुर्चीवरून उठू द्यायचं नाही. त्यासाठी पुढे मला नगरपालिकेचे उंबरे झिजवावे लागले, भर रस्त्यात वाहतूक तुंबली, आणि आमचे मोठे साहेब पाठीवर नंबर लावून दुकानाच्या काचेत झोपले. पण ते सगळं मागाहून.

आमची कंपनी गाद्या आणि उशा बनवते. इतर कारखान्यांत यंत्रांचा खडखडाट असतो म्हणतात. आमच्याकडे सगळा आवाज कापसात जिरतो. जिन्यावरून कोणी पडलं तरी खालच्या मजल्यावर कळत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर तर सबंध इमारतीवर अशी काही गुंगी पसरते की टेलिफोनसुद्धा हळू वाजतो असा मला भास होतो. मी भागधारक विभागात आहे. खरं म्हणजे मीच तो विभाग आहे. ज्यांनी कंपनीचे शेअर घेतलेत त्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. पत्रं फारशी येत नाहीत. त्यामुळे मला विचार करायला वेळ मिळतो, आणि दुपारी माझ्या विचारांना पाय फुटतात ते चहाची घंटा होईपर्यंत परत येत नाहीत. दारावर 'विभागप्रमुख' अशी पाटी आहे. ती मी स्वखर्चाने लावलेली असली तरी कोणी काढलेली नाही.

सासरे आमच्याकडेच राहतात. कंपनीचे थोडे शेअर त्यांनी माझ्याच सांगण्यावरून घेतले होते. "घरचा माणूस आत आहे, काळजी नाही," असं मी तेव्हा छाती पुढे काढून म्हणालो होतो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना माणसाची छाती नेहमी अशीच पुढे आलेली असते.

ज्या सकाळी कंपनीचा वार्षिक अहवाल टपालाने घरी आला, त्याच सकाळी पेपरात आमच्या शहराच्या फुटबॉल संघाने एका गोलकीपरला किती पैसे मोजून आणलं ते छापून आलं होतं. सासरे चहा पीत होते.

"घसघशीत दिले हो!" ते पेपरावर थाप मारून म्हणाले. "दिलेच पाहिजेत. पोराचे हात बघा. सुपाएवढे आहेत."

आकडा इतका लांब होता की छापणाऱ्याने शेवटची काही शून्यं पुढच्या ओळीवर ढकलली होती. सासऱ्यांनी त्या शून्यांवरून प्रेमाने बोट फिरवलं. मग त्यांनी अहवाल उघडला, पानं उलटली, आणि त्यांचा चहाचा कप हवेतच थांबला.

"हे काय? तुमच्या साहेबाला एवढा पगार?"

"बाबा, तुमचा गोलकीपर वर्षाला जे घेतो ना, ते मिळवायला आमच्या साहेबांना तीन जन्म घ्यावे लागतील."

"घेऊ दे की जन्म. त्याला कोण अडवतंय? पण तो करतो काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं होतं. मी त्याच इमारतीत अर्धं आयुष्य काढलं होतं.

"निर्णय घेतात," मी म्हणालो.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? त्यांच्या केबिनमध्ये."

"दार लावून?"

"दार लावूनच. उघड्या दारात काय निर्णय घेणार?"

"तेच तर!" सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "गोलकीपरच्या हातून गोल सुटला तर अख्ख्या शहराला दिसतं. शेंबडं पोरसुद्धा त्याला नावं ठेवतं. तुमच्या साहेबाच्या हातून सुटला तर कोणाला दिसतो, जावईबापू? सभेत विचारतोच मी."

"आता सभेपर्यंत बाबांना दुसरा उद्योग नाही," बायको आतून म्हणाली. "शेअर घ्यायला तुम्हीच लावलेत ना? निस्तरा आता."

दुसऱ्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. सासरे दाढी करता करता आरशाला 'सन्माननीय अध्यक्ष महाशय' म्हणू लागले. साबणाचा फेस लावलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द फार धमकीवजा वाटतात. ही हकिकत मी कंपनीत गंमत म्हणून चार लोकांना सांगितली. आमच्या इमारतीत आवाज जिरतो, पण चुगल्या जिरत नाहीत. संध्याकाळच्या आत मला सचिवबाईंचं बोलावणं आलं.

सचिवबाई म्हणजे कंपनीचे कायदे, सभा, ठराव सांभाळणाऱ्या अधिकारी. त्या कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं.

"साहेबांच्या पगाराचा ठराव आपल्याकडे नेहमी एकमताने मंजूर होतो," त्या म्हणाल्या. "यंदाही होईल. भागधारकांना शांत ठेवणं हे तुमच्या विभागाचं काम. तुमच्याच घरातून विरोधात हात वर झाला, तर हा विभाग हवाच कशाला, असा प्रश्न मला पडेल. कापसाच्या गोदामात एक माणूस हवाच आहे."

आमचं कापसाचं गोदाम गावाबाहेर आहे. तिथे गठ्ठे उचलायचे, रचायचे, पुन्हा उचलायचे. पंखा लावता येत नाही, कारण कापूस उडतो. तिथे गेलेला विभागप्रमुख परत आल्याचं कोणाला आठवत नाही. हे मी घरी सांगितलं नाही. जावयाने नोकरी वाचवण्यासाठी सासऱ्यापुढे हात जोडायचे? मान म्हणून काही चीज आहे की नाही? मी त्यांना वादात हरवायचं ठरवलं.

"बाबा, साहेबसुद्धा एक प्रकारचा खेळाडूच असतो," मी जेवताना सुरुवात केली.

"मग खेळताना दाखवा," ते म्हणाले आणि त्यांनी आणखी भात घेतला.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडे मन मोकळं करावं म्हणून गेलो, तर ते सासऱ्यांच्या पक्षाचे निघाले. "त्यांचं काही चुकत नाही," ते म्हणाले. "माझंच बघा. मी दात चुटकीसरशी काढायचो तेव्हा लोक पैसे देताना कुरकुरायचे. म्हणायचे, एवढ्याशा कामाला एवढे? हल्ली मी मुद्दाम वेळ लावतो. मध्येच खिडकीशी जाऊन घाम पुसतो. एकदा तर 'हा काही हार मानत नाही' असं दाताला उद्देशून म्हणालो. तेव्हापासून लोक पैसे देऊन वर आभार मानतात. श्रम दिसले पाहिजेत हो!"

तिथे कवळीसाठी आलेल्या शिवणवाल्या काकू तोंडात कापसाचा बोळा घेऊन बसल्या होत्या. तो काढून त्या म्हणाल्या, "आणि कपडे, भाऊजी! पाठीवर नंबर असला की माणूस आपला वाटतो. सूट घातलेला माणूस आला की वाटतं, हा घर रिकामं करायला आलाय." एवढं बोलून त्यांनी बोळा पुन्हा जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलावर कोपर टेकून बसलो होतो. खिडकीतून ऊन येत होतं, आणि उन्हात कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगत होते की त्यांना कुठे जायचंच नसावं. डोळे मिटले होते की उघडे होते ते मला सांगता येणार नाही. मला दिसलं की आमचे साहेब एका हिरव्यागार मैदानावर टेबल टाकून बसले आहेत, भोवती हजारो माणसं आहेत, आणि साहेब एका कागदावर सही करताहेत. सही पूर्ण होते आणि सगळं मैदान उठून उभं राहतं. चहाची घंटा झाली तेव्हा योजना तयार होती. मुख्य रस्त्यावर आमच्या कंपनीचं दुकान आहे. त्याच्या दर्शनी भागाला खोलीएवढी मोठी काच आहे आणि काचेमागे एक पलंग मांडलेला असतो. तिथेच टेबल टाकून साहेबांनी एक दिवस काम करायचं, लोकांनी बघायचं. त्या क्षणी कोणीतरी मला चिमटा काढायला हवा होता. पण विभागात दुसरं होतं कोण?

साहेब म्हणजे मऊ आवाजाचा, गोल चेहऱ्याचा, टक्कल पडलेला माणूस. मी अडखळत अडखळत सगळं सांगितलं. ते हाकलून देतील अशी मला खात्री होती, आणि आता वाटतं, आशाही होती.

"म्हणजे लोक मला बघणार?" त्यांनी विचारलं.

"हो, साहेब."

"काम करताना?"

"हो."

ते उठून खिडकीशी गेले. "मी काय करतो ते माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही," ते म्हणाले. "शेजारी विचारायचे, मुलगा काय करतो? ती सांगायची, कुठेतरी गाद्या घालतो." मग ते वळले. त्यांचा चेहरा सहलीला निघालेल्या मुलासारखा झाला होता. "कुठल्या दिवशी बसायचं?"

परवानगी हा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण आठवला की माझं डोकं दुखतं. नगरपालिकेतल्या पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं, "काचेत वस्तू मांडायचा परवाना तुमच्याकडे आहे. माणूस ही वस्तू नाही. मनोरंजन खात्याकडे जा."

मनोरंजन खात्यातल्या बाईंनी विचारलं, "गाणार का?"

"नाही."

"नाचणार?"

"नाही हो. निर्णय घेणार."

"त्यात मनोरंजन काय?"

"काही नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"मग आमचा वेळ का घेताय? जिवंत काही ठेवणार असाल तर सजीव प्रदर्शनाकडे जा."

सजीव प्रदर्शनाचे गृहस्थ सर्कशी आणि पाखरं सांभाळत होते. त्यांनी पिंजऱ्याची उंची विचारली, दिवसातून किती वेळा खायला घालणार ते विचारलं, आणि चावतो का, हेही विचारलं. मी म्हटलं, आमच्या कंपनीत बत्तीस वर्षं आहेत, अजून कोणाला चावले नाहीत. त्यावर त्यांनी पशुवैद्याचा दाखला मागितला. शेवटी पहिल्या खिडकीवरच्या कारकुनालाच माझी दया आली. तो म्हणाला, "साहेबांची नोंद वस्तूमध्ये करून टाकू. मात्र काचेत पाटी लावावी लागेल: नमुना, विक्रीसाठी नाही. पाटी नसली तर विक्रीकर बसेल." हे मी साहेबांना नजर चुकवून सांगितलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "विक्रीसाठी नाही, हे काही वाईट नाही."

शिवणवाल्या काकूंनी साहेबांच्या शर्टाच्या पाठीवर नंबर शिवायला घेतला. त्यांनी एक नंबर काढल्याबरोबर सासरे कडाडले, "एक नंबर गोलकीपरचा! खबरदार!" बरीच बाचाबाची होऊन बारा नंबर ठरला. बारा म्हणजे बदली खेळाडू, हे साहेबांना आम्ही सांगितलं नाही.

ठरलेल्या दिवशी साहेब काचेत येऊन बसले. एका बाजूला टेबल, टेलिफोन, कागद. दुसऱ्या बाजूला तो पलंग. मध्ये बारा नंबरचा शर्ट घातलेले साहेब, आणि काचेच्या कोपऱ्यात ती पाटी. सासरे घरून स्टूल घेऊन सगळ्यांत पुढे बसले होते. दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवून कर्णा हातात घेतला होता. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"साहेबांनी पेन उचललं आहे!" डॉक्टर ओरडले. "टोपण काढलं आहे... कागद वाचताहेत... अजून वाचताहेत... आणि सही! काय सही आहे!"

टाळ्या पडल्या. साहेबांचे कान लाल झाले. दुसऱ्या सहीलाही पडल्या. नंतर मात्र लोक चुळबुळ करू लागले.

"कधी सुरू होणार?" एकाने मला विचारलं.

"चालूच आहे."

"हेच?"

"हेच."

तो माणूस जरा वेळ काचेकडे आणि जास्त वेळ माझ्याकडे बघून निघून गेला. त्या नजरेचा अपमान मी आजतागायत विसरलेलो नाही. पण तेवढ्यात एका बसच्या चालकाने काय आहे ते बघायला बस थांबवली, तिच्यामागे दुसरी थांबली, आणि उतरलेली माणसं काचेसमोर गोळा झाली. बरोबर त्याच वेळी साहेबांच्या टेबलावर दोन उशा आणून ठेवल्या गेल्या. नव्या हंगामात यांतली कुठली काढायची ते त्यांना ठरवायचं होतं. त्यांनी डावी उशी दाबली. मग उजवी दाबली. मग पुन्हा डावी.

"डावी!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"उजवी! उजवी घ्या!"

बघता बघता रस्त्याचे दोन पक्ष झाले. साहेबांनी डावी उचलली तेव्हा अर्ध्या लोकांनी टोप्या उडवल्या आणि एक आजीबाई काचेवर छत्री आपटून म्हणाल्या, "मान धरेल हो तिने! काही समजतं का तुम्हाला?" साहेब घाबरले. त्यांनी डावी खाली ठेवली. "निर्णय फिरवला!" डॉक्टर किंचाळले. "असं कसं चालेल!" उरलेले अर्धे लोक ओरडू लागले. बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दार नव्हतं. शेवटी त्यांनी गादीवाल्या कोणत्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. दोन्ही उशा घेऊन ते पलंगावर गेले, आधी एकीवर, मग दुसरीवर डोकं टेकून आडवे झाले, आणि त्यांना झोप लागली.

ऊन तेव्हा तिरपं झालं होतं आणि काचेतून आत पलंगापर्यंत पोचलं होतं. साहेब कुशीवर वळले. त्यांच्या पाठीवरचा बारा सावकाश वर होत होता, सावकाश खाली येत होता. डॉक्टर कर्ण्यातून कुजबुजू लागले, "साहेब झोपले आहेत," आणि मग त्यांनी कर्णाच खाली ठेवला. बसचालकांनी इंजिनं बंद केली. कोणी कोणाला गप्प बसायला सांगितलं नाही, पण कोणी बोलेना. एक बाई कडेवरच्या बाळाला हलकेच थोपटत होती, आणि ती साहेबांच्या श्वासाच्या तालावर थोपटतेय असं माझ्या लक्षात आलं. समोरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन दारात आला आणि त्याच्या मागे अर्धी दाढी झालेला माणूसही आला. सगळा रस्ता काठाशी बांधलेल्या नावेसारखा जागच्या जागी डुलत होता. मला वाटलं, आता ही सगळी माणसं, बसगाड्या, न्हावी, आजीबाई, जरा वर उचलली जातील आणि कापसासारखी तरंगायला लागतील. मला फार बरं वाटलं. का, ते विचारू नका.

मी सासऱ्यांच्या स्टुलाशेजारी उकिडवा बसलो. "आता कसं वाटतं, बाबा?"

"झोपतो छान," ते हळू आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या कारखान्याच्या संघात मी गोलकीपर होतो."

"माहीत आहे, बाबा."

"आम्ही अंतिम सामना जिंकलो, तेव्हा चषक मॅनेजरच्या हातात दिला. भाषण त्याने केलं. फोटो आहे ना घरी? त्यात मी आहे."

तो फोटो मी पाहिला होता. त्यात ते कुठेच दिसत नाहीत.

"चषकाच्या मागे आहे," ते म्हणाले. "आता या पोराला एवढं मिळतं असं वाचलं ना, की मला वाटतं, मलाच मिळालं. उशिरा का होईना. आणि तुमच्या साहेबाला मिळतं ते वाचलं की वाटतं, माझ्यातूनच काढून नेलं."

"हे काही तर्काला धरून नाही, बाबा."

"नाहीच आहे. म्हणून तर हळू बोलतोय." त्यांनी काचेकडे पाहिलं. "माणूस वाईट नाही हो. पण विचारणार."

साहेब जागे झाले तेव्हा त्यांच्या गालावर उशीची शिवण उमटली होती. समोर एवढी माणसं बघून ते धडपडून उठून बसले, आणि सगळ्या रस्त्याने, सामना जिंकल्यावर वाजवतात तशा, टाळ्या वाजवल्या. "दमतो बिचारा," आजीबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात गाद्यांसाठी रांग लागली. संचालक इतके खूष झाले की त्यांनी ठरावातला साहेबांचा पगार आणखी वाढवला. म्हणजे ज्या प्रश्नाचा मी गळा दाबायला निघालो होतो, त्याला मीच दूध पाजून धष्टपुष्ट केलं होतं.

सभेच्या दिवशी मी सासऱ्यांना मागच्या एका जाड खांबाआड बसवलं. तिथे वारा छान येतो असं सांगितलं. पण प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा खांबामागून मैदानावरचा आवाज आला.

"सन्माननीय अध्यक्ष महाशय! गेल्या वर्षी तुमच्या हातून सुटलेला गोल कोणता?"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षाच्या खुर्चीत साहेबच होते आणि त्यांच्यापुढे मी लिहून दिलेली उत्तरं होती. प्रगतीची होती, परिस्थितीची होती. या प्रश्नाचं नव्हतं. साहेबांनी ते कागद बाजूला सारले.

"घडीची गादी," ते म्हणाले. हशा थांबला. "सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, काढा. ती आपोआप मिटायची. माणूस आत असताना. आपलं फार नुकसान झालं, लोकांच्या पाठी दुखावल्या, आणि ते आम्ही अहवालात 'बाजारातील चढउतार' म्हणून लिहिलं. चढउतार नव्हता. तो गोल माझ्या हातून सुटला."

मग खांबामागून टाळ्या सुरू झाल्या आणि सगळ्या सभागृहाने त्या उचलल्या. सासरे उभं राहून टाळ्या वाजवत होते. माझे डोळे भरून आले. सुटलो, मला वाटलं. विभागप्रमुखाची पाटी वाचली.

हात मोजायचं काम भागधारक विभागाचं, म्हणजे माझंच. सचिवबाईंनी ठराव वाचला. "अनुकूल?" हातांचं रान उगवलं. "विरोधात?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चष्म्याची पेटी बंद केली.

खांबाआड एक हात वर होता. सरळ, पाचही बोटं पसरलेला. व्यासपीठावरून तो दिसत नव्हता. पुढच्या लोकांना दिसत नव्हता. सबंध सभागृहात मी जिथे उभा होतो तिथूनच तेवढा दिसत होता.

"कोणी नाही ना?" सचिवबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

'नाही' हा फार छोटा शब्द आहे. तो माझ्या जिभेवर येऊन बसलासुद्धा. मला माझं टेबल दिसलं, खिडकीतलं ऊन दिसलं. सगळं एकदम लांब आणि शांत वाटलं, दुपारी वाटतं तसं. आणि तो हात तसाच वर होता. त्याला घाई नव्हती. कोणी बघत नसण्याची त्याला बहुधा सवय असावी.

"एक," मी म्हणालो.

लोक माना वळवून खांबामागे बघू लागले. "एकच!" कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. या वेळचा हशा मला सहन झाला नाही. आम्हा नोकरांनाही कंपनीने एकेक शेअर दिलेला आहे, याची मला कित्येक वर्षांत आठवण झाली नव्हती. ठरावाबद्दल माझं काय मत होतं, ते मला आजही माहीत नाही. माझा हात मात्र वर गेला.

"दोन," मी म्हणालो.

ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. चहाच्या वेळी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे गेले. सचिवबाईंनी मला बिस्किटं पुढे केली. त्यांनी ती याआधी कधीच केली नव्हती.

घरी जाताना मी सासऱ्यांना गोदामाचं सांगितलं. ते रस्त्यातच थांबले.

"आधी सांगायचंत ना, जावईबापू!"

"सांगितलं असतं तर हात वर केला नसता?"

ते पुन्हा चालू लागले. "केला असता," ते म्हणाले. "पण जरा खाली."

मी आता कापसाच्या गोदामात आहे. इथे दाराला पाटी नाही. पगार कमी झाला आणि पाठ दुखते. 'सांगत नव्हते मी?' असं बायको म्हणते, पण तिने काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. सासरे रोज दुपारी माझा डबा घेऊन येतात आणि परत जात नाहीत. एका गठ्ठ्यावर बसून ते माझं काम बघतात. बघता बघता त्यांचा डोळा लागतो, कधी कधी माझाही लागतो, आणि वरून बारीक कापूस पडत राहतो. काल सगळ्यांत वरचा गठ्ठा निसटून खाली येत होता. मी वळलो, झेप घेतली आणि तो जमिनीला लागायच्या आत छातीवर झेलला. सासरे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. गोदामात दुसरं कोणी नव्हतं, तरी ते बराच वेळ वाजवत होते.